मुलांचे दात, सुट्टीतला हायवे आणि संसदेतले प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा हायवेला लागून असलेल्या एका गावात राहते आणि आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. मध्यंतरी आम्ही काही पालकांनी मिळून खासदारांच्या ऑफिसात एक पत्र दिलं, त्यात दोनच गोष्टी होत्या. शाळेतल्या तपासणीत ज्या मुलांचे दात किडलेले निघतात त्यांचं पुढे काय होतं, आणि गणपतीत-मे महिन्यात हायवेवर मुलांचे जीव जातात त्याचं कोण काय करतंय. त्या एका पत्रापायी संसदेचं कामकाज कसं चालतं ते मला मुळापासून शिकावं लागलं. तेव्हापासून गावातले, नात्यातले, इतर शाळांतले पालक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

दात आणि रस्ते, या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय?

पहिला संबंध असा की दोन्हीकडे सोसतात ती मुलं, आणि मुलांना मत नसतं, त्यामुळे त्यांच्या वतीने कुणीतरी मोठ्याने विचारल्याशिवाय विषय निघतच नाही. दुसरा, दोन्ही विषय केंद्र आणि राज्य यांच्या मधे लटकलेले आहेत. दिल्लीला विचारलं तर राज्याचा विषय म्हणतात आणि मुंबईला विचारलं तर केंद्राची योजना म्हणतात.

आणि तिसरा मी डोळ्यांनी पाहिलाय. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या फाट्यावर एक स्कूटर खड्ड्यात आदळली, पुढे आईबाबांच्या मधे नाही तर अगदी पुढे, हॅंडलला धरून सात वर्षांची मुलगी उभी होती. स्कूटर पडलीसुद्धा नाही, फक्त जोरात दचका बसला आणि तिचं तोंड हॅंडलवर आपटलं. वरचे दोन पटाशीचे दात, पक्के, नुकतेच आलेले, कडा अजून करवतीसारख्या होत्या त्यांच्या. एक अर्धा तुटला आणि एक मुळासकट बाहेर आला. तिचा बाप तो दात रस्त्यावर शोधत होता आणि सापडल्यावर त्याने तो नळाखाली खसाखसा धुतला, जे करायला नको होतं (त्याबद्दल खाली लिहिलंय). तेव्हापासून माझ्या डोक्यात हे दोन विषय एकच आहेत.

सामान्य माणसाला संसदेत प्रश्न विचारता येतो का?

थेट नाही. प्रश्न फक्त खासदार विचारू शकतात. पण खासदारांना विषय लागतातच, आणि नेमका विषय, नेमके आकडे, नेमकं गाव घेऊन कुणी गेलं तर ऑफिसवाले ते पत्र कामासाठी वेगळं काढून ठेवतात असा माझा अनुभव आहे. चार पानी गाऱ्हाणं नेलं तर तेही ठेवून घेतात पण त्यातून प्रश्न काढत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणून प्रश्न आपणच तयार करून न्यायचा. दोन्ही सभागृहांच्या याचिका समित्या असतात, तिथे नागरिक थेट अर्ज पाठवू शकतात, पण तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे.

तारांकित, अतारांकित म्हणजे काय?

तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून तोंडी देतात आणि त्यावर खासदार उपप्रश्न विचारू शकतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, उपप्रश्न नाही. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२ आणि राज्यसभेत दुपारी १२ ते १ असतो. त्या एका तासात सगळे २० प्रश्न काही होत नाहीत, चार-सहा झाले तरी पुष्कळ, बाकीच्यांची उत्तरं लेखीच सभागृहाच्या पटलावर ठेवतात.

लोकांना वाटतं तारांकितच पाहिजे कारण टीव्हीवर दिसतं. माझं मत उलट आहे. आपल्याला जिल्हावार तक्ते पाहिजेत, आणि तक्ते निवांत अतारांकित उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात येतात, तिथे गोंधळ नाही, सभात्याग नाही, कामकाज तहकूब झालं तरी लेखी उत्तर येतंच. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, पण अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं तेव्हाही आली होती.

प्रश्न दिला म्हणजे तो लागतोच का?

नाही. खासदाराने किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. सगळ्या मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो, अलीकडच्या अधिवेशनांत लोकसभेत रस्ते वाहतुकीचा गुरुवार आणि आरोग्याचा शुक्रवार होता. मग आलेल्या सूचनांची चक्क सोडत निघते आणि सोडतीत नंबर लागेल तसे प्रश्न यादीत जातात. म्हणजे अतिशय चांगला प्रश्नही एखाद्या अधिवेशनात लागत नाही, त्याने नाउमेद व्हायचं नाही, पुढच्याला परत द्यायचा. शक्य असेल तर तोच विषय दोन-तीन खासदारांना द्या, एका सभागृहात हुकला तर दुसऱ्यात लागतो.

प्रश्न नामंजूर कशामुळे होतात?

नियम बरेच आहेत, आपल्या कामाचे तेवढे सांगते. प्रश्न १५० शब्दांच्या वर जाता कामा नये. त्यात युक्तिवाद, टोमणे, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मंत्र्यांचं मत विचारता येत नाही, माहिती विचारायची. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणाबद्दल विचारता येत नाही. जे आधीच छापील किंवा सहज मिळणाऱ्या कागदांत आहे ते विचारलं तर परत येतं. आणि सगळ्यात जास्त पत्रं ज्यात अडकतात ते म्हणजे, विषय मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो.

आमचं पहिलं पत्र यातल्या निम्म्या नियमांत बसत नव्हतं. "प्रशासनाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे" अशी सुरुवात होती. मनातला राग खराच होता पण त्याचा प्रश्न होत नाही.

मग कुठला प्रश्न दिल्लीला आणि कुठला मुंबई-नागपूरला?

हे एकदा नीट समजलं की निम्मी पायपीट वाचते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आरोग्य, दवाखाने, हॉस्पिटलं हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांचा विषय आहे. म्हणून "आमच्या ग्रामीण रुग्णालयात दाताचा डॉक्टर का नाही" हा प्रश्न आमदारांकडे द्यायचा, तो विधानसभेत किंवा विधान परिषदेत लागेल. तिथेही तारांकित-अतारांकित असतंच, शिवाय लक्षवेधी असते, आणि एखाद्या गावातल्या ठोस घटनेवर लक्षवेधी जास्त उपयोगी पडते कारण मंत्र्यांना त्यावर निवेदन करावं लागतं. पण त्याच डॉक्टरच्या पदासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्राचा पैसा येत असेल तर "या योजनेत महाराष्ट्राला किती दिले, किती खर्च झाले, किती पदं मंजूर आणि किती भरली" हा प्रश्न संसदेत बसतो. गाव तेच, खुर्ची तीच, फक्त प्रश्नाचं टोक वेगळं.

रस्त्यांचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे, बाकी रस्ते राज्याकडे. मुंबई-गोवा म्हणजे एनएच ६६, तो दिल्लीला विचारायचा. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे दोन्ही राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) बांधलेले आहेत, तिथले प्रश्न विधिमंडळात. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटून २५ माणसं गेली, त्यानंतर आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी खासदारांना पत्रं लिहिली, पत्रं मनापासून होती पण रस्ता राज्याचा होता. मोटार वाहन कायदा मात्र केंद्राचा, त्यामुळे बसची रचना, इमर्जन्सी दरवाजा, लायसन्स, दंड, हेल्मेट असलं काहीही संसदेत विचारता येतं, रस्ता कुणाचाही असो.

शाळेत येऊन दात तपासतात ते कोण?

आरबीएसकेचं पथक, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. हा फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जवळपास ३० आजार-दोष शोधायचे असतात, त्यात दातांचे आजारही आहेत. गाडीतून दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा.

मी दर वर्षी त्या दिवशी शाळेत असते. पोरांची रांग, डॉक्टर मॅडमच्या हातात टॉर्च, "आ कर, अजून मोठा". गेल्या खेपेला चौथीतली एक मुलगी रांगेत सारखी मागे मागे जात होती, डावा गाल हाताने धरलेला. तिचा नंबर आला तेव्हा मॅडमनी टॉर्च मारला आणि क्षणभर काही बोलल्याच नाहीत, खालची दाढ म्हणजे नुसती काळी वाटी राहिली होती आणि हिरडीवर पुवाची पुटकुळी. विचारलं दुखतं का, तर म्हणाली आता नाही दुखत, दिवाळीत दुखायचं. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी पुढे महिनाभराने तिच्या दप्तरात गणिताच्या वहीत घडी घातलेली सापडली. जिल्हा रुग्णालयात न्यायचं म्हणजे आईचा एक दिवसाचा रोज बुडणार, एसटीचं भाडं, आणि तिथे त्या दिवशी डॉक्टर असतील की नाही ठाऊक नाही.

पथकातल्या लोकांना यात दोष देण्यासारखं काही नाही, दिवसाला कितीतरी मुलं बघतात ते. तपासणी होते आणि उपचार होत नाही, गळती या दोघांच्या मधे आहे, आणि नेमकं तेच मोजायला सांगणारा प्रश्न विचारायला हवा. चिठ्ठी दिलेल्या मुलाने जायचं कुठे, तर जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या डीईआयसी केंद्रात (मुलांमधले आजार-दोष लवकर ओळखून उपचार करायचं जिल्ह्याचं केंद्र), तिथल्या मंजूर कर्मचाऱ्यांत दंतवैद्य धरलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो, त्यामुळे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताची ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी फोन करून विचारा. मुंबईजवळच्यांना फोर्टमधलं सरकारी दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, आणि सिंधुदुर्गातले बरेच लोक बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजला जातात.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढा आटापिटा कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आज्यांकडून तर हमखास. दुधाचे दात २० असतात आणि त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. एवढी वर्षं मूल दुखऱ्या दाताने जेवणार, एका बाजूने चावणार, रात्री उठून रडणार, शाळा बुडवणार. शिवाय दुधाचा दात पक्क्या दातासाठी जागा राखून ठेवतो, तो लवकर गेला की बाजूचे दात सरकतात आणि पक्का वेडावाकडा येतो. आणि एक गोष्ट मला स्वतःला माझी मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा कळली, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की असते, ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, नव्या जागी येते, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही आणि ती दुधाची समजून किडू देतात. तिला दुसरी संधी नाही.

हे किती घरांत आहे? २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ वर्षांच्या मुलांत ५१.९ टक्के, १२ वर्षांच्यांत ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्यांत ६३.१ टक्के मुलांना दातांची कीड सापडली होती. म्हणजे वर्गातली निम्मी पोरं. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू आहे, त्यातून जिल्हा आणि खालच्या रुग्णालयांना दाताची खुर्ची, सामान, माणसं यासाठी राज्यांना मदत मिळते. खुर्ची आली का, माणूस आला का, दोन्ही एका वेळी आले का, हे विचारायचं काम आपलं.

दातांबद्दल खासदारांना द्यायचा प्रश्न नेमका कसा लिहायचा?

आम्ही शेवटी जो लिहून नेला तो असा होता, हवा तर उचला आणि आपला जिल्हा घाला.

आरोग्य आणि कुटुंब कल्याण मंत्री पुढील माहिती देतील काय : (क) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत मागील तीन वर्षांत महाराष्ट्रात दंतविकार आढळलेल्या मुलांची जिल्हानिहाय व वर्षनिहाय संख्या, (ख) त्यांपैकी पुढील उपचारासाठी पाठवलेल्या आणि प्रत्यक्ष उपचार पूर्ण झालेल्या मुलांची संख्या, (ग) राज्यातील डीईआयसी केंद्रांमध्ये दंतवैद्यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे, (घ) राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत राज्याला मंजूर झालेला व खर्च झालेला निधी?

यात जीव आहे तो (ख) मध्ये. "किती मुलं तपासली" एवढंच विचारलं तर लाखांचा आकडा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय. "उपचार पूर्ण" हे दोन शब्द गाळू नका, ऑफिसात प्रश्न छोटा करताना नेमके तेच उडतात म्हणून शेवटचा मसुदा एकदा बघायला मागा.

आमच्याकडे मुलांचे दात पिवळे-तपकिरी आहेत, कीड नाही. हे कुठे विचारायचं?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या लोकांनी हे विचारलंय. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात घडत असतानाच त्यावर डाग आणि चट्टे येतात, घासून जात नाहीत, पोरांना चिडवतात ते वेगळंच. फ्लोरोसिससाठी २००८-०९ पासून केंद्राचा वेगळा कार्यक्रम आहे, त्यामुळे प्रश्न आरोग्य मंत्रालयाला बसतो, पण पाण्याचा स्रोत बदलणं जलशक्ती मंत्रालयाकडे, म्हणून दोन वेगळे प्रश्न करा.

याच रांगेत मशेरी. तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे तरी आमच्याकडे चुलीवर भाजलेली मशेरी घरोघर आहे आणि आजीच्या बोटाची चव नातवाला लागते. यावर प्रश्न जरूर करा, पण त्याआधी घरातली डबी बाजूला ठेवा.

सुट्टीत आणि सणाला अपघात वाढतात, याचे सरकारी आकडे कुठे मिळतील?

रस्ते वाहतूक मंत्रालय दर वर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू, २०२३ मध्ये ४,८०,५८३ अपघात आणि १,७२,८९० मृत्यू. २०२२ च्या मृतांत १८ वर्षांखालची मुलं ९,५२८ होती. मी हा आकडा वर्षाच्या दिवसांनी भागला, रोजची २६ येतात, आमच्या शाळेतला एक अख्खा वर्ग.

अहवालात महिन्यावार, तासावार, वाहनावार तक्ते असतात. पण सणावार नाही. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, शिमगा, हे महिन्याच्या तक्त्यात विरघळून जातं, त्यात गणपती कधी ऑगस्टमध्ये तर कधी सप्टेंबरमध्ये. आता अपघातांची नोंद ई-डार या ऑनलाइन यंत्रणेत तारखेसकट, जागेसकट होते, त्यामुळे "मागील तीन वर्षांत गणेशोत्सवाच्या आधीचे पाच व नंतरचे पाच दिवस एनएच ६६ वरील अपघात, मृत्यू आणि त्यांतील १८ वर्षांखालील" असं विचारलं तर माहिती काढता येण्यासारखी आहे. तारखा घालून विचारा. "सणासुदीच्या काळात" असं मोघम लिहिलंत की उत्तरही मोघम येतं, जनजागृती, रस्ता सुरक्षा महिना, पोस्टर.

मुंबई-गोवा हायवेवर कितीदा प्रश्न विचारले, मग काम का होत नाही?

राग येणं साहजिक आहे, आमच्या दारातला रस्ता आहे, चाकरमान्यांच्या गाड्या माणगावात तासन्‌तास उभ्या असतात आणि आतून पोरांच्या रडण्याचा आवाज येतो. पण प्रश्न विचारताना एक बघा, हा हायवे एका यंत्रणेकडे नाही. पनवेल ते इंदापूर (हे आमचं रायगडचं इंदापूर, पुण्याचं नव्हे) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूर ते झाराप राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. "मुंबई-गोवा कधी होणार" असं विचारलं की दोघांची मिळून एक टक्केवारी येते आणि आपला खड्डा त्यात हरवतो. किलोमीटर सांगून विचारा, टप्पा सांगून विचारा, ठेकेदार बदलला असेल तर कितव्यांदा ते विचारा.

ब्लॅक स्पॉट हा शब्दही शिकून घ्या. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट ठरतो. तुमच्या शाळेसमोरची जागा त्यात धरली आहे का, तात्पुरती दुरुस्ती कधी, कायमची कधी, हे तिन्ही विचारता येतं.

आणि पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरूसुद्धा झाला, म्हणजे मनात आणलं तर होतं. बाकीच्या जुन्या पुलांची तपासणी शेवटची कधी झाली हा प्रश्न दर पावसाळी अधिवेशनात परत परत गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मुलांना गाडीवर नेण्याबद्दल कायदा काय म्हणतो?

२०१९ ची मोटार वाहन दुरुस्ती आणि २०२२ चा नियम, दोन्ही बघा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षं या वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस, आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या आत. कारमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. सुट्टीत मामाकडे गेलेल्या भाच्याच्या हातात बुलेटची चावी देणाऱ्या मामांनी हे दोनदा वाचावं.

मुलाला पुढे मांडीवर घेऊन बसणं, सनरूफमधून बाहेर काढणं, मागच्या डिकीत चार पोरं कोंबणं, हे प्रेमाने होतं हे मला माहीत आहे, आम्हीही लहानपणी जीपच्या मागे लटकून जत्रेला गेलोय. तेव्हा गाड्या ४० च्या वर जात नव्हत्या.

अपघात झाला तर उपचाराचा खर्च?

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना लागू आहे, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत. रस्ता कुठलाही असो, अपघात मोटार वाहनामुळे झालेला असला पाहिजे. संसदेत विचारण्यासारखं म्हणजे, आपल्या जिल्ह्यातली किती हॉस्पिटलं यात आहेत, त्यातली हायवेवर किती, आणि मुलांचं आयसीयू किती जणांकडे. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती सोडा, कायद्याने त्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

पडून दात तुटला किंवा पूर्ण बाहेर आला तर काय करायचं?

पक्का दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच क्षणभर धुवा. जमलं तर तिथेच जागेवर बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा, नाहीतर थंड दुधात ठेवा, टपरीवर दूध मिळतंच, आणि तासाभराच्या आत दाताच्या डॉक्टरकडे पोचा. कागदात गुंडाळून कोरडा नेऊ नका. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. आणि मूल बेशुद्ध झालं असेल, उलट्या करत असेल, कानातून रक्त असेल तर दात विसरा, आधी मोठं हॉस्पिटल.

स्कूटरवरच्या त्या मुलीचा दात वाचला नाही, हे कुणी विचारतं म्हणून लिहिते. तुटलेल्यावर कॅप बसली.

मंत्र्यांनी उत्तर दिलं, पुढे काय?

उत्तरं संसदेच्या वेबसाइटवर त्याच दिवशी चढतात, हिंदी आणि इंग्रजीत, मंत्रालय, तारीख किंवा खासदाराचं नाव टाकून शोधता येतात, परिशिष्ट उघडायला विसरू नका, खरा माल तिथे असतो. "माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर आलं तर लोक निराश होतात, पण ते सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र आश्वासन समिती आहे. म्हणून तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी खासदारांच्या ऑफिसला परत फोन करा. उत्तर अपुरं वाटलं तर खासदार अर्ध्या तासाची चर्चा मागू शकतात. आणि "ही बाब राज्याच्या अखत्यारीत आहे" असं आलं तर तो कागद घेऊन सरळ आमदारांकडे जायचं, आता ते दिल्लीकडे बोट दाखवू शकत नाहीत.

याने खरंच काही होतं का?

१९५७ साली खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत एलआयसीच्या पैशांचा विषय लावून धरला, त्यातून मुंदडा प्रकरण (एलआयसीचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवल्याचं) बाहेर आलं, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छगला यांनी चौकशी केली आणि अर्थमंत्री कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. हे एक टोक. आपल्या विषयात बघायचं तर डिसेंबर २०२४ मध्ये प्रश्नोत्तराच्या तासात तेव्हाचे रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी लोकसभेत स्वतः सांगितलं की आंतरराष्ट्रीय परिषदांत अपघातांचा विषय निघाला की ते तोंड लपवायचा प्रयत्न करतात, अपघात कमी करायचं दूर राहिलं, ते वाढलेत. मंत्र्याच्या तोंडून हे रेकॉर्डवर येणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या वेळी कुणी सगळं आलबेल आहे म्हणालं तर तेच वाक्य पुढे ठेवता येतं.

आमच्यापुरतं झालं ते एवढंच. आम्ही अशाच एका जुन्या अतारांकित उत्तराची प्रिंट काढून ग्रामीण रुग्णालयात नेली, त्यात पदांचा तक्ता होता. तिथल्या डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला आणि जिल्ह्यावरून महिन्यातला एक मंगळवार दंतवैद्य पाठवायची सोय लावून घेतली. पहिल्या मंगळवारी आम्ही टेम्पो करून अकरा मुलं नेली, सगळी मागे खाली बसवून, ताडपत्री बांधून. गणिताच्या वहीतल्या चिठ्ठीवाली त्यात होती.

आम्हाला पुढच्या अधिवेशनासाठी द्यायचं आहे, कधी द्यावं?

अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं, पावसाळी साधारण जुलैत, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तारखा जाहीर होईपर्यंत थांबू नका, महिना-दीड महिना आधी पत्र ऑफिसात पोचलेलं बरं. एका पानावर एकच विषय, खाली शाळेचा ठराव जोडा, तपासणीत चिठ्ठी मिळालेल्या मुलांची नुसती संख्या लिहा, नावं लिहू नका, आणि तुमचा फोन नंबर ठळक लिहा कारण मसुद्यात काही अडलं तर ऑफिसमधला माणूस तोच नंबर शोधत असतो.